गळी जाव

सहा तास पोटात काही नको, म्हणाले.
तसंही महिनाभर काही धड जातच नव्हतं.
भाकरीचा घास छातीच्या मधोमध येऊन
रांगेत उभा राहायचा
आणि मी वरून पाणी ओतत बसायचो, ढकलायला.

बिनल नावाची मुलगी, माझ्या नातीहून थोडी मोठी.
हातात एक लांब वायर, बोरूपेक्षा बारीक.
छत्तीस सेन्सर आहेत काका, दर सेंटिमीटरला एक.
म्हटलं, सेन्सर म्हणजे?
म्हणाली, गेज समजा.
तेव्हा मी पहिल्यांदा नीट बसलो.

गेज मला कळतं.
एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन, पाणीपुरवठा खातं,
दांडिया बाजार ते रावपुरा, पहाटे पाचला
खांद्यावर कमरेहून उंच चावी.
आजव्याचं पाणी उताराने येतं आपलं आपण,
पण गल्लीत शिरायला त्याला माणूस लागतो.

आधी तिने वायर एका नळकांड्यात घातली, दाब दिला, सोडला,
सगळे आकडे शून्यावर आणले.
शून्य बघितल्याशिवाय काटा वाचू नये
असं रमजूभाई सांगायचा. तो गेला, त्यालाही आता बारा वर्षं.

डाव्या नाकपुडीचं हाड वाकडं, म्हणून उजवी.
कडू जेल. हनुवटी छातीला. स्ट्रॉने पाणी ओढत राहा, ओढत राहा,
आणि ती सरकवत राहिली.
डोळे भरून वाहिले.
रडणं नव्हे ते. टाकी भरली की वाहतेच.

मग आडवं केलं.
पिचकारीने जिभेवर पाच मिली खारं पाणी
आणि हुकूम, तिच्या भाषेत: गळी जाव.

जन्म बडोद्यातला. गुजराती मला घरच्यासारखी.
पण नाकात पाइप घालून उताणं पडलं की
कान आईकडे जातो.
गळी जाव. गळून जा.
मी? ज्याने आयुष्यभर गळती बंद केली?
रात्री दोनला, गाव निजल्यावर
लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर, एक कानाला,
रमजू म्हणायचा, ऐक, बोलतेय बघ,
आणि शिंप्याच्या दुकानाखाली, चार हात खोल,
खरंच कुणीतरी बारीक आवाजात बोलत असायचं.

गळी जाव.
आता तीस सेकंद काही गिळायचं नाही, थुंकीसुद्धा.
त्या तीस सेकंदांत कळलं
माणूस कुणाला न विचारता किती आवंढे गिळतो.

असं दहा वेळा.
सातव्याला मान वळवून पडदा बघितला.
तिरकी उतरत जायला हवी ती पट्टी
खांबासारखी सरळ उभी. खाली लाल रेघ,
दहाही वेळा लाल, हललीच नाही.
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, ती म्हणाली.
अगं, वर प्रेशर उभं आणि खाली कोरडं,
याला रिपोर्ट कशाला लागतो?

वायर निघाली एका श्वासात.
टिश्यू देताना तिने विचारलं, काका, एक सांगू,
आमच्या सोसायटीत, वाघोडिया रोडला, पाणीच चढत नाही,
तिसऱ्या मजल्यावर नुसती धार.
नाक बधिर, आवाज दुसऱ्याचा वाटत होता, तरी सांगितलं:
व्हॉल्व्ह अर्धाच उघडत असेल.
आटे मोजत उघड म्हणावं, शेवटपर्यंत, पण सावकाश.
घाई केली की पाइप आतून ठोसा मारतो.
तिने तळहातावर लिहून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, फुगा घालून ताणू, नाहीतर आतून चिरू.
जाम व्हॉल्व्हवर आम्ही आधी रॉकेल सोडायचो
आणि रात्रभर थांबायचो. हातोडा सकाळी.
हे मी बोललो नाही.

घरी आलो. सून बघत उभी.
अर्धा ग्लास पाणी प्यालो.
ते थांबलं. मीही थांबलो.
संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती,
शेजारच्या मोरीत, रिकाम्या बादलीवर,
नळ आधी हवा खोकत होता.